अनिश्चित गुंतवणुकीचा निर्णय कसा तोलायचा? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मशीन घ्यावं की काम बाहेरून करून घ्यावं, आत्ता घ्यावं की वर्षभर थांबावं, एवढं मोठं कर्ज काढावं का, असे प्रश्न छोट्या कारखानदारांकडून, साखर कारखान्यांतल्या इंजिनिअरांकडून आणि इंजिनिअरिंगच्या विद्यार्थ्यांकडून सतत येतात. त्यातले पुन्हा पुन्हा येणारे इथे एकत्र केले आहेत. कुठलंही उत्तर सुटं वाचता येईल, पण आकडे बहुतेक ठिकाणी प्रश्न २ मधल्या उदाहरणातले आहेत. ते समजावण्यासाठी घेतलेले आहेत. तिथे तुमचे आकडे घालून गणित पुन्हा करा.

१. आम्ही एनपीव्ही काढतोच. मग निर्णय विश्लेषण म्हणून वेगळं काय करायचं?

एनपीव्ही (पुढे येणाऱ्या-जाणाऱ्या सगळ्या रकमांची आजच्या मूल्यातली बेरीज) काढताना आपण बहुतेक वेळा एकच भविष्य धरतो: मागणी इतकी, भाव इतका, मशीन इतकी वर्षं चालेल. निर्णय विश्लेषणात तीन गोष्टी वेगळ्या मांडाव्या लागतात. आपल्या हातात काय आहे, आपल्या हातात काय नाही, आणि या दोन्हींच्या प्रत्येक जोडीतून पदरात काय पडतं. एनपीव्ही टाकून द्यायचा नसतो. प्रश्न २ मध्ये काढलेल्या झाडाच्या प्रत्येक फांदीच्या टोकाला तो बसतो.

सरासरीवर केलेला एनपीव्ही किती फसवतो ते बघा. महिन्याला १,००० नग काढणारं मशीन आहे. मागणी ६०० तरी असेल नाहीतर १,४०० तरी, दोन्हींची शक्यता सारखीच. सरासरी मागणी १,०००, म्हणून कागदावर मशीन पूर्ण भरलेलं दिसतं. प्रत्यक्षात मागणी कमी आली तर ६०० नग जातात, आणि जास्त आली तरी १,००० च निघतात. सरासरी विक्री ८००. मागणीचा अंदाज अगदी बरोबर असूनही हिशेब २५ टक्क्यांनी फुगला.

या पद्धतीला हे नाव १९६६ मध्ये स्टॅनफर्डच्या रोनाल्ड हॉवर्ड यांनी दिलं. मागचा विचार बराच जुना आहे. डॅनियल बर्नुली यांनी १७३८ मध्येच मांडलं होतं की त्याच रकमेची किंमत गरिबाला आणि श्रीमंताला सारखी नसते. तो मुद्दा प्रश्न ८ मध्ये येतो.

२. निर्णयवृक्ष कसा काढायचा? एक पूर्ण उदाहरण द्या.

कोल्हापूरजवळच्या शिरोली एमआयडीसीतलं एक मशीन शॉप धरा. फाउंड्रीतून कास्टिंग येतं, मशीनिंग करून पुढे जातं. एका ट्रॅक्टर कंपनीकडून नव्या भागाची ऑर्डर येते आहे, पण ती टिकेल की वर्षभरात आटेल याची खात्री नाही. मालकापुढे तीन पर्याय आहेत: दोन व्हीएमसी (संगणकावर चालणारं मिलिंग मशीन) घेणं, एक घेणं, किंवा जॉबवर्कवर काम बाहेर देणं. खालचे आकडे लाख रुपयांत आहेत. मशीनची किंमत, कर आणि शेवटी मशीन विकून येणारी रक्कम धरून सगळं आजच्या मूल्यात आणलं आहे.

| पर्याय | ऑर्डर टिकली (०.६) | ऑर्डर आटली (०.४) | अपेक्षित मूल्य |
|---|---|---|---|
| दोन व्हीएमसी | ९० | −४० | ३८ |
| एक व्हीएमसी | ५० | ५ | ३२ |
| जॉबवर्क | १५ | १० | १३ |

कागदावर डावीकडे चौकोन काढा. तो आपला निर्णय. त्यातून तीन रेघा काढा आणि प्रत्येक रेघेच्या टोकाला एक गोल काढा. गोल म्हणजे आपल्या हाताबाहेरची घटना. प्रत्येक गोलातून दोन फांद्या निघतात, त्यांच्यावर शक्यता आणि टोकाला रक्कम लिहायची. मग उजवीकडून डावीकडे यायचं: गोलापाशी गुणाकार करून बेरीज (०.६ × ९० − ०.४ × ४० = ३८), चौकोनापाशी सगळ्यात मोठा आकडा. इथे दोन व्हीएमसी पुढे आहेत.

इथे थांबू नका. ३८ हा आकडा एकदाही हातात पडणार नाही. पडतील ९० नाहीतर उणे ४०. त्या ३८ पेक्षा प्रश्न ४ मधला आकडा मला जास्त महत्त्वाचा वाटतो.

३. ही ०.६ शक्यता आणायची कुठून? ती तर मनाचीच झाली.

हो, ती एका माणसाचं मत आहे. पण ते मत तो आजही वापरतोच, फक्त न लिहिता. लिहिलं की तपासता येतं.

मालकाला थेट ‘किती टक्के?’ विचारू नका, तो पन्नास-साठ असं काहीतरी सांगून मोकळा होईल. डब्यात दहा चिठ्ठ्या टाका, पाचांवर खूण करा आणि विचारा, ‘शेठ, ऑर्डर टिकली तर एक लाख मिळणार, किंवा डब्यातून खुणेची चिठ्ठी निघाली तर एक लाख. पैज कशावर लावता?’ तो लगेच ऑर्डरवर लावेल. आठ चिठ्ठ्यांवर खूण करा, चिठ्ठीवर लावेल. सहांवर केली की हात घुटमळतो. ते ०.६.

भागीदारांना वेगवेगळं बसवून विचारा, आणि आधी कुणाचाही आकडा बोलून दाखवू नका. पहिला आकडा कानावर पडला की पुढचे अंदाज त्याच्याभोवतीच घोटाळतात, हे मानसशास्त्रज्ञ ट्वर्स्की आणि कानमन यांनी १९७४ मध्ये दाखवलं आहे. शिवाय जुने कागद काढा. याच पार्टीने आजवर दिलेली शेड्यूल आणि त्यातली प्रत्यक्ष उचल शेजारी शेजारी लिहिली, तर पुष्कळदा मालकाचा स्वतःचाच आकडा खाली येतो.

४. ०.६ चुकीचा निघाला तर सगळं गणितच वाया जाईल ना?

नाही. कुठल्या आकड्याला निर्णय पालटतो ते शोधा. ऑर्डर टिकण्याची शक्यता ‘प’ धरली तर दोन मशीनचं अपेक्षित मूल्य १३०प − ४० आणि एका मशीनचं ४५प + ५. दोन्ही सारखी होतात तेव्हा ८५प = ४५, म्हणजे प साधारण ०.५३.

आता शक्यता नेमकी ०.६ आहे की ०.६४, यावर वाद घालायचं कारण उरत नाही. प्रश्न एवढाच: ती ०.५३ च्या वर आहे याची तुम्हाला खात्री वाटते का? ०.६ आणि ०.५३ मध्ये अंतर थोडं आहे, म्हणून इथला निर्णय नाजूक आहे. हाच आकडा ०.२ वर आला असता तर निर्धास्तपणे पुढे जाता आलं असतं. मशीनचा भाव, डॉलर, विजेचा दर, रिजेक्शनचं प्रमाण, सगळ्यांसाठी असंच करा. बहुतेक आकडे कितीही हलवले तरी निर्णय जागचा हलत नाही, असं दिसेल. मेहनत घ्यायची ती उरलेल्या एक-दोन आकड्यांवर.

५. शक्यता सांगताच येत नसेल तर कुठला नियम वापरावा?

पाठ्यपुस्तकात चार-पाच नियम असतात. आपल्या तक्त्यावर लावून बघू. वाईटात वाईट बघून त्यातलं बरं निवडा, असं म्हटलं तर जॉबवर्क (किमान १०). चांगल्यात चांगलं बघितलं तर दोन मशीन (९०). पश्चात्ताप कमीत कमी ठेवायचा, हा सॅव्हेज यांचा १९५१ चा नियम. पश्चात्ताप म्हणजे त्या घटनेतल्या सगळ्यात चांगल्या पर्यायापेक्षा किती कमी मिळालं ते: दोन मशीनचा जास्तीत जास्त पश्चात्ताप ५०, एकाचा ४०, जॉबवर्कचा ७५, म्हणून एक मशीन. दोन्ही घटना सारख्याच शक्य मानल्या तरी एकच मशीन, २७.५ ने.

तक्ता एकच, आणि तीन नियम तीन वेगळे पर्याय देतात. कुठला नियम लावायचा हे ठरवतानाच तुम्ही शक्यतेबद्दल काहीतरी गृहीत धरता, पण ते बोलून दाखवत नाही. परीक्षेसाठी सगळे नियम शिका. स्वतःचा पैसा गुंतणार असेल तर प्रश्न ३ ची चिठ्ठी आणि प्रश्न ४ चा आकडा वापरा.

६. बाजाराचा अभ्यास करून घ्यायला पैसे मागतात. किती देणं परवडेल?

आधी वरची मर्यादा काढा. भविष्य अचूक सांगणारा कुणी भेटला असं समजा. ऑर्डर टिकणार असेल तर दोन मशीन घ्याल (९०), आटणार असेल तर जॉबवर्क (१०). अपेक्षित मूल्य ०.६ × ९० + ०.४ × १० = ५८. त्याच्याशिवाय ३८ होतेच. म्हणजे अचूक माहितीचीसुद्धा किंमत २० लाख, आणि कुठल्याही अभ्यासाला त्याहून जास्त मोजायचं नाही.

खरा अभ्यास अचूक नसतो. समजा, ऑर्डर खरंच टिकणार असेल तेव्हा सल्लागार १०० पैकी ८० वेळा ‘टिकेल’ म्हणतो, आणि आटणार असेल तेव्हा ७० वेळा ‘आटेल’ म्हणतो. बेझच्या नियमाने (नवी माहिती आली की जुनी शक्यता कशी बदलायची त्याचा नियम) ‘टिकेल’ अहवाल येण्याची शक्यता ०.६ × ०.८ + ०.४ × ०.३, म्हणजे ०.४८ + ०.१२ = ०.६०. तो आला की ऑर्डर टिकण्याची शक्यता ०.४८ ÷ ०.६० = ०.८० होते आणि दोन मशीनचं मूल्य ६४. ‘आटेल’ आला की शक्यता ०.३० वर येते आणि एक मशीन बरं, मूल्य १८.५. एकूण ०.६ × ६४ + ०.४ × १८.५ = ४५.८. अहवालाची किंमत ७.८ लाख.

आधी हेही विचारून घ्या: ‘अहवाल उलटा आला तर आम्ही निर्णय बदलणार आहोत का?’ बदलणारच नसाल तर त्या अहवालाची तुमच्यासाठी किंमत शून्य, मग तो कितीही चांगला असो. बँकेच्या फाइलला जोडायला अहवाल लागत असेल तर तो खर्च करावा लागेल, पण त्याला माहितीचा खर्च म्हणू नका.

७. आत्ता एक मशीन घेऊन वर्षभराने दुसरं घेतलं तर?

हा प्रश्न विचारणाऱ्याने पद्धतीतलं सगळ्यात कामाचं हत्यार उचललं आहे. झाडाला नवी फांदी काढा: आत्ता एक व्हीएमसी, वर्षाने ऑर्डर टिकलेली दिसली तर दुसरी. दुसरं मशीन उशिरा आणि थोडं महाग मिळेल, मधलं काही काम हातचं जाईल, म्हणून ९० ऐवजी ७५ धरू. ऑर्डर आटली तर दुसरं घ्यायचंच नाही, हातात ५. अपेक्षित मूल्य ०.६ × ७५ + ०.४ × ५ = ४७.

सुरुवातीच्या तिन्ही पर्यायांपेक्षा हा वरचढ आहे. ज्या पहिल्या तक्त्यावर आपण इतकं गणित केलं, त्यात हा पर्यायच नव्हता. पुढे वाढवायची, थांबायची किंवा बाहेर पडायची मोकळीक पैशात मोजता येते. स्ट्यूअर्ट मायर्स यांनी १९७७ मध्ये तिला ‘रिअल ऑप्शन’ म्हटलं. शेडमध्ये दुसऱ्या मशीनची जागा सोडणं, केबल आणि पॅनल आधीच मोठ्या लोडचे टाकणं, मशीनवाल्याकडून वर्षभरासाठी भाव लिहून घेणं, हे सगळं ती मोकळीक विकत घेणं आहे.

याचा परिणाम प्रश्न ६ वरही होतो. टप्प्याचा पर्याय धरून तेच गणित केलं तर सल्लागाराच्या अहवालाची किंमत ७.८ लाखांवरून १.८ लाखांवर येते. जे अहवाल सांगणार होता, ते पहिलं मशीन चालवता चालवताच कळणार आहे.

मर्यादाही लक्षात ठेवा. ग्राहकाला पहिल्या दिवसापासून पूर्ण क्षमता हवी असेल, किंवा वर्ष संपल्यावरही ऑर्डरचं काय ते कळणार नसेल, तर ही फांदी कागदावरच राहते.

८. अपेक्षित मूल्य जास्त आहे, पण ४० लाख बुडाले तर शॉपच बंद पडेल. तरी तेच निवडायचं?

नाही. शेकडो छोटे निर्णय घेणाऱ्या मोठ्या कंपनीला अपेक्षित मूल्य पुरतं. घर तारण ठेवून घेतलेल्या एका मोठ्या निर्णयाला ते पुरत नाही. जोखमीची किंमत वजा करावी लागते.

आधी तुमची सहनशक्ती मोजू. नाणं उडवायचं आहे, छापा पडला तर अमुक रक्कम मिळेल, काटा पडला तर तिच्या निम्मी जाईल. ही पैज तुम्ही जास्तीत जास्त किती रकमेपर्यंत घ्याल? ती रक्कम म्हणजे तुमची जोखीम-सहनशक्ती. समजा २०० लाख. आता प्रत्येक पर्यायातून ‘विचलनाचा वर्ग (व्हेरियन्स) भागिले सहनशक्तीच्या दुप्पट’ एवढं वजा करा. दोन मशीनचा विचलनाचा वर्ग ०.६ × ०.४ × १३०² = ४,०५६ (१३० हे ९० आणि −४० मधलं अंतर), म्हणजे वजा साधारण १०. उरले २८. एका मशीनचा ४८६, वजा जेमतेम १, उरले ३१ च्या आसपास. क्रम उलटला. या दोन पर्यायांमध्ये सहनशक्ती साधारण ३०० लाखांच्या खाली असेल तर एकच मशीन बरं.

हे सूत्र अंदाजी आहे. तोटा सहनशक्तीच्या जवळ जाऊ लागला की ते कमी पडतं. आणि तोटा झाल्यावर पुढच्या महिन्याचा हप्ता आणि पगार निघणार नसतील, तर सूत्र बाजूला ठेवून ती फांदी आधीच छाटा.

९. जोखीम जास्त आहे म्हणून डिस्काउंट रेट वाढवला तर चालेल का?

डिस्काउंट रेट म्हणजे पुढच्या वर्षांचा पैसा आजच्या मूल्यात आणायचा दर. बरेच जण तो असा वाढवतात. शक्यता वेगळ्या मांडल्या असतील तर तसं करू नका, जोखीम दोनदा मोजली जाते. दुसरं कारण आकड्यांत बघा. दर १० वरून १४ टक्के केला तर पहिल्या वर्षाचा रुपया सुमारे साडेतीन टक्क्यांनी घटतो आणि दहाव्या वर्षाचा ३० टक्क्यांनी. आपली जोखीम तर पहिल्या वर्षातच आहे. ती टळली की पुढचं काम बरंचसं नेहमीचं. शिक्षा नको तिथे होते. शेवटी येणारा खर्च, मोठं ओव्हरहॉलिंग किंवा जागा साफ करून देणं, वाढीव दराने उलट स्वस्त दिसायला लागतो.

दर महागाई धरून घेतला असेल तर पुढच्या वर्षांचे भावही महागाई धरूनच घ्या. हा गोंधळ अजूनही फार होतो.

१०. घसारा धरायचा का? आणि फाउंडेशनवर आधीच खर्च झालाय, त्याचं काय?

घसारा म्हणून खिशातून पैसे जात नाहीत, पण त्यामुळे कर वाचतो. फांदीच्या टोकाला तो वाचलेला कर धरा. आयकरात सर्वसाधारण यंत्रसामग्रीला घटत्या शिलकीवर १५ टक्के घसारा मिळतो. कर्जाचे हप्ते मात्र वेगळे वजा करू नका, व्याजाचा भार डिस्काउंट रेटमध्ये आलेला असतो.

झालेला खर्च कुठल्याच फांदीवर येत नाही, कारण तो सगळ्या फांद्यांवर सारखाच आहे. त्या फाउंडेशनमुळे पुढे वाचणारा खर्च मात्र येतो.

११. दोन गोष्टी अनिश्चित असतील तर शक्यतांचा सरळ गुणाकार करायचा?

दोन्ही एकमेकींपासून खरोखर स्वतंत्र असतील तरच. सगळ्यात महागात पडणारी चूक इथे होते, म्हणून खरं उदाहरण घेतो.

उसाच्या रसापासून इथेनॉल काढायला डिस्टिलरी उभारणाऱ्या साखर कारखान्याचा विचार करा. दोन अनिश्चित गोष्टी: पाऊस आणि सरकारचं धोरण. पाऊस कमी होण्याची शक्यता ०.२ आणि निर्बंध येण्याची ०.१ धरून कुणी म्हणेल, दोन्ही एकदम येण्याची शक्यता फक्त ०.०२, सोडून द्या. २०२३ मध्ये काय झालं ते बघा. तो ऑगस्ट १९०१ पासूनचा देशातला सर्वांत कोरडा ऑगस्ट ठरला. ऊस कमी येणार, साखर कमी होणार, भाव चढणार, ही भीती तयार झाली. ७ डिसेंबर २०२३ ला, ऐन गाळप हंगामात, केंद्राने उसाचा रस इथेनॉलसाठी वापरायला मनाई केली. आठवड्याभराने १७ लाख टन साखरेइतकी मर्यादा घालून थोडी सूट दिली. पुढच्या, २०२४-२५ च्या इथेनॉल वर्षासाठी निर्बंध उठले.

कमी पाऊसच निर्बंधाला कारण ठरला. म्हणून झाडात आधी पावसाचा गोल काढा आणि त्याच्या प्रत्येक फांदीवर धोरणाची शक्यता वेगळी लिहा. कमी पावसाच्या फांदीवर निर्बंधाची शक्यता ०.५ धरली तर दोन्ही एकदम येण्याची शक्यता ०.१० होते, आधीच्या पाचपट. आणि त्याच फांदीवर गाळपही कमी असतं, म्हणजे तोटा तिथेच साठतो. रस, बी-हेवी मळी (थोडी साखर शिल्लक ठेवलेली मळी) आणि धान्य यांतलं एकाहून अधिक चालेल असा प्लांट महाग का होईना पण विचारात का घ्यावा, हे ही फांदी काढल्यावरच दिसतं.

१२. शंभर वर्षांतून एकदा येणारा पूर गणितात धरायचा का?

धरायचा. वर्षाला १ टक्का शक्यता म्हणजे १५ वर्षांच्या मशीनच्या आयुष्यात एकदा तरी पूर येण्याची शक्यता १ − ०.९९¹⁵, साधारण १४ टक्के. पंचवीस वर्षांच्या शेडसाठी २२ टक्के. शिवाय तो १ टक्का कुठून आला ते विचारा. पंचगंगेला २००५, २०१९ आणि २०२१ मध्ये मोठे पूर आले, आणि शेवटच्या दोन्ही वेळी शिरोलीजवळ महामार्गावर पाणी येऊन वाहतूक बंद पडली. आपल्या जागेत पाणी आलं नाही, तरी माल अडकतो.

मजुरांच्या जिवाचा प्रश्न असेल तर तो अपेक्षित मूल्यात मिसळू नका. प्रेसचं गार्ड, भट्टीजवळची सुरक्षितता ही अट म्हणून घाला, आणि ती पाळणाऱ्या पर्यायांमधूनच निवड करा.

१३. मॉन्टे कार्लो केलं की हे सगळं आपोआप होईल का?

मॉन्टे कार्लो म्हणजे अनिश्चित आकडे दर वेळी नशिबाने निवडून तेच गणित हजारो वेळा करणं. स्प्रेडशीटवर दहा हजार फेऱ्या मिनिटभरात होतात. पण त्यातून नवा पर्याय सुचत नाही, आणि प्रश्न ११ मधली गुंतागुंत तुम्ही घातली नाही तर ती दहा हजार वेळा राहून जाते. आधी प्रश्न ४ चं काम करा. निर्णय पालटू शकणारे चार-पाच आकडे उरले आणि ते सलग बदलणारे असतील, तर मॉन्टे कार्लोचा खरा उपयोग होतो.

१४. आम्ही दोघे भाऊ भागीदार आहोत. दादा म्हणतो ऑर्डर टिकायची शक्यता ७० टक्के, मी म्हणतो ४५. आता?

आधी आकडे दोघांपुढे ठेवा. पहिल्या तक्त्यावर ०.५३ ची रेघ तुमच्या दोघांच्या मधून जाते, म्हणून वाद खरा आहे: दादांच्या हिशेबाने दोन मशीन, तुमच्या हिशेबाने एक.

आता प्रश्न ७ मधली टप्प्याची फांदी घाला. दादांच्या ०.७० ला दोन मशीनचं मूल्य ५१ आणि टप्प्याने घेतल्यास ५४. तुमच्या ०.४५ ला दोन मशीन १८.५ आणि टप्प्याने ३६.५. दोघांच्याही हिशेबाने टप्पाच पुढे आहे. दोन मशीन एकदम घेणं टप्प्यापेक्षा बरं ठरायला शक्यता ०.७५ च्या वर जायला हवी, आणि तेवढी दादाही सांगत नाहीत. ऑर्डरबद्दल तुमचं एकमत होण्याची गरज नाही. एकमत लागेल ते वर्षभराने दुसरं मशीन किती मासिक उचल दिसल्यावर घ्यायचं यावर, आणि तो आकडा आजच वहीत लिहून दोघांनी सही करा.